घर बंद, आकडा तोच

एकोणीस वर्षं मी लोकांच्या भिंतींवरचे आकडे वाचतो.
पहिल्या वर्षाची नोंद
माझ्या उजव्या मनगटावर आहे.
तेव्हा मी मीटरच्या डब्यावर टकटक करायचो.

आता करत नाही.
बाजूला उभा राहतो, सावलीत,
आणि बघतो: कुठल्या फटीतून कोण येतं,
कोण जातं, किती घाईत.
ज्या घराचं दार माणसं उघडतात
तिथंही मी एवढा वेळ थांबत नाही.

लोटलीला, चढणीवरच्या घरात,
पिएदादबाई बाल्कांवात झाडू उगारून उभी:
"शाबा, गांधील!"
गांधील नव्हे, बाई, ही कुंभारीण.
शिंपल्यांच्या तावदानाला चिकटवून
चिखलाचं मडकं वळते, अळ्या भरते,
तोंड लिंपते, निघून जाते.
तुमच्यातही असेल अशी एखादी आत्या,
कामापुरती येणारी, चहाही न घेणारी.
झाडू खाली गेला.
"माझी आत्या चहा घ्यायची," बाई म्हणाली,
"तीन चमचे साखर."

गांधील निराळी.
पाय लोंबकळत उडते,
लहान स्कूटरवर मागे बसलेल्या उंच माणसासारखी.
कागदाचं घर, एका देठावर उलटं.
काजूच्या दिवसांत बोंडांच्या राशीवर ती डुलत असते
आणि आपल्याच भाटात आपण परके होतो.
मधमाशी एकदाच डसते, आतडं मागे ठेवून मरते;
तो काटा धडधडत राहतो कातडीत,
तेव्हा चर्चा नको, नखानं लगेच खरवडायचा.
हिचं तसं नाही. हिचा काटा परत म्यानात जातो.

म्हणून हात झटकू नये. फुंकर मारू नये.
आपला श्वास म्हणजे त्यांच्या दारात आलेलं जनावर.
मारलेल्या एकीचा वास बाकीच्यांना बोलावतो,
हे मी पोरांना सांगतो,
पोरं दगड खिशात ठेवतात,
पण टाकत नाहीत.

मग मिंगेलचं घर.
तो तारवटी. नऊ महिने बोटीवर.
माझ्या वहीत नऊ वेळा लिहिलंय:
घर बंद, आकडा तोच.
आत कुणी वीज वापरत नव्हतं,
पण वरच्या खिडकीच्या पाखेखाली
माझ्या डोळ्यांदेखत ते पोळं लिंबाएवढं होतं,
मग नारळाच्या करवंटीएवढं झालं.
त्याचा रकाना माझ्या वहीत नव्हता.

मे महिन्यात तो उतरला.
अंगाला विमानतळावरचं अत्तर, पिवळा शर्ट,
आणि आल्याआल्या, वारा यावा म्हणून,
दोन्ही हातांनी ती खिडकी ढकलली.

मी रस्त्यावर होतो. ओरडलो: पळ, पाण्याकडे नको, घरात!
तो आत गेला, दार लावलं.
पाच डंख. पाच म्हणजे काहीच नाही, मला अकरा झालेत.
पण दार उघडलं तेव्हा त्याचे ओठ त्याचे नव्हते.
"घशात," एवढंच म्हणाला.
अंगावर गांधी उठत होत्या, भरती चढावी तशा.

पिएदादबाईनं कांदा आणला, चुना आणला.
मी म्हटलं, बाई, हे कांद्याचं काम नव्हे.
तिच्या पुतण्याची गाडी, मागच्या सीटवर मी,
मडगावचं इस्पितळ,
आणि एक सुई, जिनं त्याला श्वास परत दिला.
डंखासारखीच दिसते ती. मी पाहिली.

मिंगेल पेट्रोलचा बोळा पेटवणार होता.
डॉक्टरनं नको म्हटलं, आणि वरचं छप्पर लाकडी.
अंधार पडल्यावर
जाळीचे मुखवटे घातलेली दोन माणसं आली,
अर्ध्या तासात पोळं पोत्यात गेलं.
तो खाली बाल्कांवात बसला होता, पाठमोरा.
"माझ्या घरात," तो म्हणाला,
"माझ्यापेक्षा जास्त दिवस त्या राहिल्या."
मी काही बोललो नाही. वहीत तसंच होतं.

काल गेलो.
खिडकी सताड उघडी, आत पंखा.
पाखेखाली राहिलाय एक काळा देठ,
पेन्सिल टेकवून उचलावी एवढाच.
मी बाजूला उभा राहिलो, सवयीनं.
कुणी आलं नाही, गेलं नाही.
मग झाकण उघडलं
आणि नवा आकडा लिहिला.